पातेल्यावर पडलेली गार

मी गार बोलतेय. वेळ कमी आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही.

जन्मानं मी पाण्याचा थेंब. वाऱ्यानं उचलून मला ढगात वर नेलं, गोठवलं, खाली सोडलं, पुन्हा उचललं. दर फेरीला अंगावर बर्फाचा थर चढला आणि मी लिंबाएवढी झाले. वाऱ्याची मेहनत फुकट गेली असं समजू नका. त्यानं जेवढं वर चढवलं, ते सगळं माझ्याजवळ उंचीच्या रूपात जमा होतं. शेवटी मी त्याला पेलेनाशी झाले आणि निघाले. उंची घटली तसा वेग वाढला. वाटेत हवेनं घासाघासी करून त्यातलं बरंच काढून घेतलं. उरलं तेही एखादं डोकं फोडायला पुरेसं होतं.

खाली एक रोपवाटिका होती. ती चालवणाऱ्या सासू-सुनेचा अबोला होता, हे मला मागाहून कळलं. सासूचं म्हणणं, रोपं कणखर व्हायला उघड्यावरच हवीत. सुनेचं म्हणणं, छपराखाली. त्यावरून एकदा वाजलं, तेव्हापासून निरोप मांजरामार्फत जात. "मांजरे, सांग हो कुणाला तरी, ट्रे आत घ्यायचेत म्हणून." त्या दिवशी आभाळ गडगडलं आणि मांजर पलंगाखाली जाऊन बसलं. मध्यस्थच नाही म्हटल्यावर दोघी धरून चालल्या, की ट्रे दुसरीनं आत घेतले असतील.

पहिल्या गारा वाजल्या तशी सासू अंगणात धावली आणि टोमॅटोच्या ट्रेवर ओणवी झाली. मी नेमकी तिच्या टाळूच्या वर. मला फार भीती वाटली. पडणाऱ्याला वळता येत नाही, थांबता तर नाहीच.

तेवढ्यात सून पातेलं घेऊन आली. ठण्ण! माझ्या वेगाचं काय झालं म्हणाल, तर थोड्याचा आवाज झाला, थोड्यानं पातेल्याला पोचा आला, थोडी ऊब झाली आणि माझा एक टवका उडाला. वाया काही गेलं नाही.

घरात आल्यावर सुनेनं मला वाटीत ठेवलं, नवऱ्याला दाखवायला. सासू केस पुसत बघत होती.

"पातेलं तू माझ्या डोक्यावर धरलंस," ती सरळ सुनेला म्हणाली. "मग तुझ्या डोक्यावर काय होतं गं?"

"काही नाही."

"बघू इकडे."

केसांत हे एवढं टेंगूळ. माझ्याच कुठल्यातरी बहिणीचं काम.

"अगं बाई! सांगायचंस की मला!"

"अबोला होता ना, आई."

सासूनं मला वाटीतून उचललं, रुमालात गुंडाळलं आणि टेंगळावर धरलं.

"अहो, ती ह्यांना दाखवायचीय!"

"त्याला पातेलं दाखव. हलू नकोस."

तेव्हापासून त्या टेंगळाची ऊब माझ्यात उतरतेय आणि मी आटतेय. आता वाटाण्याएवढी उरलेय. पाणी सुनेच्या मानेवर ओघळतंय, सासूचा हात अवघडलाय, पण दोघी आपापल्या जागी आहेत. सासूबाई, एक विनंती आहे. रुमाल इतक्यात काढू नका. मी अजून थोडी शिल्लक आहे.