काजलची चढाई

दाजीसाहेब कॉलेजात प्रभाकरराव एक दिवसही शिकले नव्हते. दहावीनंतर बापानं त्यांना भांड्यांच्या दुकानात जे बसवलं ते बसवलंच. पण त्या कॉलेजचा मुलींचा कबड्डी संघ हरला की दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर दुपारपर्यंत उघडत नसे, आणि जिंकला की कुकर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी शेवटची चढाई ऐकावी लागे, मग कुकर मिळे. "लगन माह्याशी लागलं अन् संसार कबड्डीशी," असं त्यांची बायको कोकिळा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. प्रभाकररावांना त्यात कौतुकच वाटायचं.

त्यांची खरी दौलत म्हणजे गळा. मैदानाच्या कडेला उभे राहून आरोळी ठोकली की पलीकडच्या रस्त्यावरची बस थांबेल असा आवाज. प्रत्येक खेळाडूसाठी वेगळी आरोळी, आणि ती महिना महिना दुकानात बसून जुळवलेली. जिंकल्यावरचा नेमही ठरलेला. ज्या मुलीच्या चढाईनं सामना निघाला, तिच्या घरी पेढ्यांचा डबा स्वतः नेऊन द्यायचा, मग ते गाव कितीही आडबाजूला असो.

आणि जून लागला की हे गृहस्थ मुली पाहायला निघत. संघासाठी. बरोबर कॉलेजचे क्रीडाशिक्षक धीरज सर, प्रभाकररावांच्याच मोटारसायकलवर मागं बसून. पद्धत मात्र सगळी लग्नाचीच. खुल्या सामन्यांत मुलगी हेरायची, गाव काढायचं, घरी जायचं, पोहे खायचे. हॉस्टेल कसं, जेवण कसं, पोरीची काळजी कोण घेणार, हे मुलीकडच्यांनी विचारायचं. धीरज सर कितीही गोड बोलले तरी आईबाप पाहायचे प्रभाकररावांकडे. अर्ध्या तालुक्याच्या लग्नांतली भांडी त्यांच्या दुकानातून गेलेली. त्यांनी मान डोलावली की पोरीची बॅग भरली जायची.

सुरभी अशीच आली. गिरडच्या टेकडीपासून थोडं आत तिचं गाव. मंडळाच्या सामन्यात तिघींनी मिळून तिला आडवं पाडलं, तोंडात माती गेली, आणि ती हसत उठली. प्रभाकररावांनी तिथंच सरांच्या मांडीवर थाप मारली. पकडल्यावर जी रडकुंडीला येते ती चार दिवसांची पाहुणी, जी हसत उठते ती खरी, हे त्यांचं शास्त्र होतं.

सुरभीचे वडील रूपराव अंगणात बाजेवर बसले होते. माणूस मोजकं बोलणारा. ओट्यावरच्या पाण्याच्या पितळी गुंडाकडे बोट दाखवून म्हणाले, "थो गुंड तुमच्याच दुकानातला हाये, प्रभाकरभाऊ. माह्या लगनातला. आजवर गळला नाई."

"आमच्याकडचा माल गळत नाई," प्रभाकरराव खूश होऊन म्हणाले.

"पोरगीले पोलिसात जायचं हाये. खेळाचं सर्टिफिकेट असलं तं बरं पडते म्हणते. तिचं नाव झालं पाह्यजे, मले बाकी काई नाई लागत."

"नाव?" प्रभाकररावांनी छातीवर हात ठेवला. "वर्ध्याच्या मैदानात तुमच्या पोरीचं नाव असं गाजवतो का नाई पाहा. हा माहा गळा जामीन!"

पोरीची बॅग भरली गेली. जुलैपासून प्रभाकरराव दर संध्याकाळी सरावाला हजर. सुरभीचं कसब तिच्या टाचेत होतं. परत फिरल्यासारखी करायची, समोरची निर्धास्त झाली की मागच्या मागे टाच लागलीच म्हणून समजा. तिच्यासाठी त्यांनी आरोळी जुळवली ती आजवरची सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत झकास होती: "सुरभीची चढाई, पळा पळा बाई!" पहिल्यांदा ऐकली तेव्हा सुरभी चढाई सोडून हसत सुटली होती.

आंतरमहाविद्यालयीन सामने दिवाळीच्या आधी वर्ध्याला झाले. पहिल्या दिवशी प्रभाकररावांच्या दुकानात नेमकं एका मोठ्या लग्नाचं गिऱ्हाईक येऊन बसलं आणि त्यांना जाता आलं नाही. संघ अंतिम फेरीत गेल्याचं संध्याकाळी फोनवर कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान कोकिळाबाईंच्या गळ्यात टाकलं आणि सकाळचीच बस धरली. पवनारचा पूल ओलांडताना ते मनात आरोळीच घोळवत होते.

मैदानात पोचले तेव्हा भोंग्यावरून संघांची नावं सांगत होते. संघ मैदानात उतरत होता. सुरभी धावत पुढं आली, हात जोडले, मातीला हात लावून कपाळाला लावला. आणि भोंगा म्हणाला, "दाजीसाहेब कॉलेजची हुकमी चढाईपटू... काजल!"

माईकवाला सकाळीच भांग पिऊन बसला असावा, असं प्रभाकररावांना वाटलं. त्यांनी टेबलाकडे हात हलवून "सुरभी, सुरभी" म्हणायला तोंड उघडलं, तोच धीरज सरांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना कॉलेजच्या बसच्या मागं नेलं. सरांच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता.

"काकाजी, नाव घेऊ नका. कार्ड काजलच्या नावाचं आहे. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांची पुतणी. तिच्या नोकरीच्या अर्जाला खेळाडू कोट्यातून सर्टिफिकेट लागते."

"ते पोरगी कधी मैदानात तरी आलती का?"

"तिनं कायले यायचं? सुरभी आहे ना." सर हसले. लाल दातांत सुपारीचा भुगा अडकला होता. "सुरभीले पुढच्या वर्षी खेळवू ना तिच्या नावानं. अजून दोन वर्षं आहेत तिच्याजवळ. संस्था चालवाची म्हणजे थोडं इकडचं तिकडं करा लागते."

आयत्या बिळावर नागोबा ही म्हण प्रभाकररावांनी लहानपणापासून ऐकली होती. पण बीळ खणणारीलाच नागोबाचं नाव लावून राबवायचं, ही तऱ्हा त्यांना नवी होती. "मी आत्ता जाऊन पंचाले सांगतो," ते म्हणाले.

"सांगा ना. संघ बाद होईन. काजलचं काई जाणार नाई, ते तं घरी आहे. दुसऱ्याच्या नावानं खेळली म्हणून बंदी येईन ते सुरभीवर. मंग पोलीस भरती विसरा." सरांनी बसच्या चाकावर पचकन पिंक टाकली. "तिले तुमीच आणली, काकाजी. तुमीच बुडवा."

त्या चाकावरून ओघळणाऱ्या लाल थुंकीकडे पाहत प्रभाकरराव उभे राहिले. त्यांना सरांची किळस आली, अध्यक्षांची आली, आणि जूनमध्ये चवीनं खाल्लेल्या पोह्यांचीसुद्धा आली. हा माणूस आपल्या मोटारसायकलवर मागं बसून गावोगाव फिरला, आपण मान डोलावली म्हणून दारं उघडली. चोराला घर दाखवायचं आणि वर त्याची ओळखही आपणच द्यायची, असा हा प्रकार झाला होता.

नावं पुकारून झाली होती, सामन्याला अजून पाच मिनिटं होती. सुरभी पाण्याच्या टाकीजवळ तोंड धूत होती. त्यांना पाहून तिनं नळ बंद केला.

"तुमाले माईत होतं, काकाजी?"

"नाई वो पोरी. गळ्याची शप्पथ."

"सरनं काल सांगतलं. नाई खेळशीन तं हॉस्टेल खाली कर म्हणे. बाबाले काय सांगू मंग? खेळली." तिनं बाहीनं तोंड पुसलं. "आज हाक नका मारजा मले. कोणत्याच नावानं नका मारजा."

"नाई मारत," प्रभाकरराव म्हणाले. हाही दिलेला शब्दच होता.

सामना सुरू झाला आणि त्यांनी गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं. जवळजवळ सगळा सामना ते तसेच उभे राहिले. कॉलेजची पोरं त्यांना कोपरानं ढोसत होती, "काकाजी, आज घसा बसला का?" ते मान हलवत. आपली पोरगी मैदानात, आणि आपण मुके. सुरभी काय खेळत होती! टाच लागत होती, गडी पडत होते, आणि सरांनी पढवलेल्या पोरांसकट चहूकडून "काजल, काजल" असा घोष चालला होता. दर वेळी तो ऐकून ते दुपट्टा आणखी आत कोंबत होते. हरलो तर बरं, असंही एकदा त्यांच्या मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

पण सामना बरोबरीत आला. शेवटची चढाई सुरभीची. ती आत घुसली, वळल्यासारखं केलं, टाच मारली, कोपऱ्यातली पोरगी बाद झाली, आणि परतताना दुसरीनं तिचा घोटा धरला. सुरभी पोटावर पडली. मध्यरेषा बोटांपासून वीतभर लांब. ती सरपटत होती, वर दोन पोरी येऊन पडल्या होत्या. आणि प्रभाकररावांच्या तोंडातला दुपट्टा कधी गळून पडला ते त्यांनाही कळलं नाही.

"काजलची चढाई, पळा पळा बाई!"

अख्ख्या मैदानावरून तो आवाज गेला. बोटं रेषेला लागली. पंचांनी शिटी मारली, आणि पोरांनी प्रभाकररावांना खांद्यावर घेतलं. खांद्यावरून त्यांना दिसलं, सुरभी माती झटकत उठत होती. या वेळी ती हसली नाही. तिनं फक्त एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

बेभान झालो होतो, असं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. बेभान माणसाच्या तोंडून खरं नाव निघालं असतं. त्या धुमाळीतही यांच्या जिभेला बरोबर ठाऊक होतं, की खरं नाव घेतलं तर कप जाईल. आणि नाव कसं चपखल बसलं होतं! मात्रासुद्धा अडखळली नाही. कडेच्या लोकांच्या डोक्यावरून हिंदकळत जाताना त्यांना स्वतःच्या गळ्याची शिसारी आली.

बक्षिसाच्या वेळी अध्यक्षांच्या गाडीतून काजल उतरली. ट्रॅकसूटच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. संघाबरोबर तिनं फोटो काढला, पदक घेतलं. सुरभीला आधीच बसमध्ये बसवून ठेवलं होतं. अध्यक्षांनी प्रभाकररावांनाही मंचावर बोलावलं आणि "आपल्या कॉलेजचे सच्चे चाहते" म्हणून झेंडूचा हार घातला. काजल पोरगी वाईट नव्हती, वागायला गोडच होती. वाकून पाया पडली आणि म्हणाली, "थँक्यू काकाजी. तुमच्या आवाजानं मॅच निघाली म्हणतात." हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि ते खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं नाही. दुपारी कोकिळाबाईंनी विचारलं, "जिंकले ना? मंग पेढे नाई नेत का यंदा?" प्रभाकरराव उठले. चौकातून डबा घेतला आणि गिरडच्या रस्त्याला लागले. काय बोलायचं ते वाटेत जुळवून पाहिलं. आरोळ्या जुळवणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळेना.

रूपराव बाजेवरच बसले होते. ओट्यावर सुरभीची हॉस्टेलची बॅग आणि गुंडाळलेली गादी पडलेली होती. रूपरावांनी त्यांना बसायला सांगितलं, स्वतः उठून गुंडातलं पाणी आणून दिलं. पाणी थंड होतं. प्रभाकररावांनी ते संपवलं आणि डबा पुढं केला.

रूपरावांनी झाकण उघडून पेढे पाहिले, झाकण परत लावलं आणि डबा त्यांच्याकडे सरकवला.

"तुमी घर चुकले, प्रभाकरभाऊ. हे सुरभीचं घर हाये. काजलचं घर तिकडं, तुमच्या गावाले."

"रूपराव, मले माईत नोतं. देवाची शप्पथ. सामन्याच्या आंधी पाच मिनिटं समजलं."

"समजल्यावर तं वरडले ना तुमी?" रूपरावांचा आवाज चढला नव्हता. "पोरीनं नाई म्हतलं होतं."

प्रभाकरराव डब्याच्या सुतळीशी चाळा करत बसले. गळा जामीन ठेवला होता, आणि तो जप्त झाला होता.

आतून सुरभी चहा घेऊन आली. कोपरं खरचटलेली, त्यावर हळद लावलेली. तिनं कप त्यांच्या हातात दिला.

"कॉलेज सोडलं तू?" त्यांनी विचारलं.

"सोडलं. भरतीची तयारी घरूनच करतो. सर्टिफिकेट नाई तं नाई, पळतो तं मीच ना." ती ओट्याला टेकून उभी राहिली. "पुढच्या महिन्यात गिरडले मंडळाचे सामने हायेत. तिथं माह्याच नावानं खेळतो."

चहा निवत होता. प्रभाकररावांनी मान वर केली. विचारायचा आपल्याला हक्क नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी हावरा भक्त तो, विचारल्याशिवाय राहवेना.

"मी येऊ का पाहाले?"

सुरभीनं बापाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"येजा ना, काकाजी," ती म्हणाली. "पण चुपचाप बसजा."