सतरा नंबर गोरा होत नाही

माझी बायको प्रयोगशाळेत बेडूक सांभाळायची. ती गेल्यावर तीन आठवड्यांनी तिथल्या संशोधक बाईंचा फोन आला. सतरा नंबरचा बेडूक गोरा होत नाही, तुम्ही येऊन बघा, म्हणाल्या.

मी सुतार माणूस. बेडकाचं काय बघणार? तरी गेलो.

बाईंनी आम्हाला समोरासमोर बसवलं. मी स्टुलावर, तो पांढऱ्या ट्रेमध्ये, तव्यासारखा काळा. बाकीचे बेडूक पांढऱ्या ट्रेमध्ये तासाभरात फिकट होत. हा ढिम्म. त्याने दुःख धरलंय, असं बाईंचं मत होतं. वहीत दुःखाचा रकाना नव्हता, म्हणून त्यांनी तो पेन्सिलीने आखून घेतला होता. शुक्रवारपर्यंत उजळला नाही, तर त्याची कातडी काढून तपासायची होती.

बायको त्याला काय हाक मारायची, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, भावजी. त्याची बसण्याची ढब आमच्या घराण्यातली आहे, असं तिचं म्हणणं. बाईंनी त्याला दोनदा आदराने भावजी म्हणून पाहिलं. त्याने एक डोळा मिटला.

खरं कारण मला माहीत होतं. आजारपणाची रजा घेतली त्या दिवशी बायको त्याला जेवणाच्या डब्यात घालून घरी घेऊन आली. रिकाम्या ट्रेवर झाकण ठेवून चिठ्ठी लावली: आजारी आहे, उघडू नये. दोन महिने कोणी उघडलं नाही, इतका तिचा शब्द होता. तेवढे दिवस तो आमच्या स्वयंपाकाच्या काळ्या ओट्यावर बसून होता. ती गेल्यावर तिचा एप्रन आणायला गेलो, तेव्हा मी त्याला गुपचूप परत ठेवला.

ओट्याशी बसून ती मला समजावायची. काळ्या पेशीत रंगाचे दाणे असतात. पसरले की बेडूक काळा, गोळा झाले की फिकट. पण फार दिवस काळ्यावर राहिला, तर ती पेशी हात लांबवून शेजारणीला, म्हणजे वरच्या कातडीच्या पेशीला, दाणे देते. शेजारीण बोटांची टोकंच खाऊन टाकते.

"दिलेलं परत येत नाही, अहो," ती म्हणायची. "शेजारीण कातीबरोबर गळेल, तेव्हाच जाईल."

सांगावं, तर तिचा शब्द जाणार. न सांगावं, तर भावजी जाणार. मी सांगितलं.

बाईंनी वहीतली त्या दोन महिन्यांची पानं उलटून पाहिली. "तिच्या चिठ्ठीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला."

"चिठ्ठी खोटी नव्हती," मी म्हणालो. "आजारी होतंच की कोणीतरी."

त्यांनी दुःखाचा रकाना रबराने खोडला. आता हा आमच्या कामाचा नाही, म्हणाल्या. मी म्हणालो, मग मला द्या. त्यांच्याकडे एकच फॉर्म होता, कर्मचाऱ्याच्या वस्तू नातेवाइकाला देण्याचा. वस्तूचं नाव: सतरा. वस्तूशी नातं: मी लिहिलं, थोरला भाऊ. त्यांनी वाचून सही केली.

भावजी आता ओट्यावर असतो. थोड्या थोड्या दिवसांनी कात टाकतो आणि स्वतःच खातो. दर वेळी वाटतं, आता तिच्या वेळचं काळं निघून जाणार. म्हणून त्याला काळ्या ओट्यावरून हलवत नाही.

चहा मी खाली जमिनीवर करतो.