पाचव्या रकान्यातलं शून्य

संशोधन संस्थेकडं पुढच्या निधीसाठी अकरा प्रकल्प आले होते आणि निवडायचे होते तीन; बाकीचे बंद होणार. समितीच्या अध्यक्ष बाई गुणपत्रक पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. ते त्यांचंच अपत्य. सहा वर्षांपूर्वी कुणा बड्या साहेबाच्या जावयाचा पोकळ प्रकल्प वशिल्यानं मंजूर झाला, तेव्हा बाईंनी हट्टाला पेटून नियम करून घेतला: रकाने पाच, आणि एकातही शून्य पडलं की प्रकल्प बाद. सगळ्यांनी पाठ थोपटली होती. बाईही फुशारल्या होत्या, खोटं कशाला बोला!

सातवा प्रकल्प त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा. त्याला सगळे गाळणीवालाच म्हणत. विहिरीच्या पाण्यातला फ्लोराइड अडवणारी भाजक्या मातीची गाळणी त्यानं केली होती. त्या पाण्यानं दात किडल्यासारखे तपकिरी होत, पुढं हाडं वाकत. दोन वर्षं एका वस्तीतली साठ घरं गाळलेलं पाणी पीत होती. त्यातलं एक घर बाईंच्या धाकट्या भावाचं. बाईंनी ते आधीच सांगून टाकलं, तर सगळे म्हणाले, “बसा हो, तुमच्यावर कोण संशय घेणार?”

चार रकाने भरघोस भरले. पाचवा तंत्रज्ञान हस्तांतराचा.

“कुठली कंपनी घेतेय? पत्र आहे?” एका सदस्यानं विचारलं.

“कंपनी कशाला? कुठलाही कुंभार करील,” गाळणीवाला खुशीत म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, हेच तर कौतुकाचं!

एक गुण पुरला असता. एकच. पण भावासाठी दिला असं कुणी म्हटलं तर? कुणी म्हणणार नव्हतं, तरी बाईंचा हात आखडला. त्यांनी शून्य काढलं.

बाहेर तो एवढंच म्हणाला, “बाई, एक गुण तर द्यायचा होता.”

“नियम आहे रे.”

“हो. तुम्हीच शिकवलात.”

प्रकल्प बंद झाला की त्यातली प्रत्येक वस्तू भांडारात जमा करायची, हाही संस्थेचा नियम. गाळण्या आणायला निघालेल्या गाडीत बाई स्वतः बसल्या. मेलं मन घरी स्वस्थ बसू देईना.

भावजयीनं गाळणी धुऊन पुसून तयार ठेवली होती. थोरली भाची तोंडावर हात धरून हसली. दात दाखवायची तिला लाज वाटे. धाकटी दोन वर्षांची, जन्मापासून गाळलेल्या पाण्यावर वाढलेली.

“दुरुस्तीला नेताय ना वन्सं? कधी परत येईल?” भावजयीनं विचारलं.

बाईंनी खरं ते सांगितलं. बंद झालं, आणि बंद मीच केलं, हेही सांगितलं. भावजय आत गेली आणि विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन आली. बाई ते घटाघटा प्यायल्या. मग धाकटीनं हात पुढं केला. तिला नको देऊस, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, पण दुसरं काय द्यायचं ते त्यांना सांगता येईना. भावजयीनं पेला भरला आणि तिच्या तोंडाला लावला.