अप्पांच्या हातचे चौकोन

अप्पांनी उभा जन्म पावाच्या भट्टीपुढे काढला, आणि त्यांच्याच घरात पावाचा तुकडा यायला बंदी झाली. नशिबाला कधी कधी अशी पाचकळ गंमत करायची हुक्की येते.

बंदी नातीमुळे आली होती. तिला सगळे चिमणी म्हणत. पहिलीत जाईपर्यंत ती अंगाने नावासारखीच राहिली, मग पोट दुखायला लागलं, खाल्लेलं अंगी लागेना, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंनी निदान केलं: गहू बंद, दुधाचं सगळं बंद, कायमचं. अप्पांना हे काही केल्या पटेना. ज्या गव्हावर घर उभं राहिलं, मुलगा शिकला, तो गहू घरातल्या लेकराला बाधतो म्हणजे काय? दोन दिवस ते डॉक्टरीणबाईंवर रुसून बसले होते. डॉक्टरीणबाईंना याचा पत्ताही नव्हता, हा भाग वेगळा.

सून मात्र उठली ती कामालाच लागली. ती औषधांच्या दुकानात नोकरी करायची, डब्यांवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची तिला सवय होती. तिने स्वयंपाकघर धुऊन काढलं, मैदा, लोणी, बिस्किटं शेजारी देऊन टाकली, लाकडी चमचे आणि पोळपाटसुद्धा बाहेर काढला, कारण लाकडात पीठ मुरतं. आणि सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं, "अप्पा, बेकरीतली कुठलीही वस्तू उंबऱ्याच्या आत नको. तुम्ही स्वतः आलात तरी आधी आंघोळ."

त्यानंतर थोड्याच दिवसांत अप्पा कामावरून निवृत्त झाले. दिवसभर खुर्चीत बसून त्यांना स्वतःचाच कंटाळा यायचा. त्यात एक दिवस चिमणी शाळेतून रडत आली. वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता, सगळ्यांना चॉकलेटचा केक मिळाला आणि हिला केळं. अप्पांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की त्या केकच्या तोंडात मारेल असं काहीतरी मी करून दाखवतो.

करून दाखवायला बराच वेळ लागला. पहिला केक इतका कडक झाला की मुलगा म्हणाला, दाराला टेकण म्हणून ठेवू. दुसरा चमच्याने प्यावा लागला. गहू नाही म्हणजे धरून ठेवणारं काही नाही, आणि लोणी नाही म्हणजे मऊपणा कुठून आणायचा, हे कोडं अप्पा झोपेतसुद्धा सोडवत असत. शेवटी दळलेले बदाम, भिजवून वाटलेला खजूर, कोको आणि नारळाचं घट्ट दूध यांचं काहीतरी जमून आलं. वरून चकाकणारं, आतून ओलसर, कडेला किंचित कुरकुरीत. अप्पा त्याचे सुरीने चौकोन कापत. चिमणी रोज दोन चौकोन डब्यात नेई, आणि वर्गातली पोरं, तिची जिवलग मैत्रीण बबडीसुद्धा, आपला केक देऊन तिचा चौकोन मागत. अप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. येईल जाईल त्याला ते चौकोन खिलवायचे आणि तो चावत असताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचे. माणसाला तारीफ केल्याशिवाय गिळायची सोय नव्हती.

चिमणीचं वजन वाढलं, गालांवर रंग आला. सहा-सात महिने सगळं छान चाललं, आणि मग पोटदुखी परत आली.

आधी वाटलं, ऋतू बदललाय. मग शाळा बुडायला लागली. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "गहू पोटात जातोय. कुठून ते शोधा. चिमूटभरसुद्धा पुरतो."

घरात शोध सुरू झाला, आणि शोधाचा रोख बघता बघता सुनेवर वळला. डबा ती भरायची, सामान ती आणायची. तिने टूथपेस्ट बदलली, साबण बदलला, मसाल्यांच्या पुड्या टाकून दिल्या. मुलाचा स्वभाव मूळचा तापट नव्हता, पण पोरीचं उतरलेलं तोंड बघून त्याचं डोकं फिरायचं, आणि मग तो बायकोला धारेवर धरायचा. एकदा जेवताना तो म्हणाला, "तुझं लक्ष कुठे असतं? कामावरून येतेस आणि हाताला येईल ते करतेस."

सून ताटातला भात कालवत राहिली. अप्पांना वाटलं, आपण दोघांच्या मध्ये पडून सारवासारव करावी. ते समजूतदार सुरात म्हणाले, "अरे, घाईत होतं असं. माणूसच आहे ती."

तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपण तिची बाजू घेतली. प्रत्यक्षात चूक तिचीच आहे यावर त्यांनी शिक्का मारला होता. सुनेने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ताट उचलून ती आत गेली.

आता ब्रशची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं मूळ तिथे आहे.

प्रत्येक कारागिराचं एखादं हत्यार असतं, जे तो दुसऱ्याच्या हातात देत नाही. अप्पांचा ब्रश तसा होता. चपटा, लाकडी मुठीचा, राठ केसांचा. भट्टीवरच्या थोरल्या कारागिराने त्यांना तो दिला होता. त्याच ब्रशने साच्यांना तूप लावायचं, लाटलेल्या पिठावरचा जादा मैदा झटकायचा आणि भट्टीत जाणाऱ्या पावांवर दुधाचा हात फिरवायचा. निवृत्त होताना ब्रश अप्पांबरोबर घरी आला तो थेट ट्रंकेत गेला, कारण सुनेचा हुकूम होता. पुढे बेकरीच्या मालकाने गळ घातली, की नवीन पोरांना हात बसत नाही, सकाळचे दोन तास येऊन शिकवा. अप्पांना तेवढंच हवं होतं. ट्रंकेतून ब्रश निघाला आणि रोज सकाळी खिशात बसून कामावर जायला लागला.

परत आल्यावर अप्पा सगळे नियम पाळत. कपडे बाहेरच्या बादलीत, आंघोळ, नखं घासून हात. फक्त ब्रश ते गरम पाण्याखाली धुऊन स्वयंपाकघरात नेत आणि त्याने चौकोनांच्या साच्याला खोबरेल लावत. बोटांनी तेल कोपऱ्यात नीट बसत नाही. ब्रशने कसं, एका फटक्यात काम! धुतलाय ना, मग झालं. सुनेला सांगायची गरज त्यांना वाटली नाही. खरं सांगायचं तर, सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एका बुधवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. अप्पा ब्रश धूत होते. मुठीवरची पत्र्याची पट्टी सैल झाली होती, म्हणून त्यांनी ती अंगठ्याने दाबली. केसांच्या बुडातून पांढरट, चिकट लगदा बाहेर आला. त्यांनी आणखी दाबलं, आणखी आला. बोटावर घेऊन त्यांनी वास घेतला. आंबूस वास. दूध आणि मैदा. एवढी वर्षं त्यात काढलेल्या माणसाला चाखून बघायची गरज नव्हती.

नळ तसाच वाहत राहिला. चिमणीचं दुखणं कधी उलटलं आणि आपण बेकरीत पुन्हा कधी जायला लागलो, हा हिशेब त्यांनी इतके दिवस मांडला नव्हता. आता तो आपोआप मांडला गेला.

खरा माणूस असता तर त्याच संध्याकाळी बोलला असता. अप्पांनी काय केलं? ब्रश कागदात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी दडवला, तयार असलेले चौकोन कचऱ्यात टाकले, साचा फेकून नवीन आणला, आणि मूग गिळून बसले. पोरगी आता बरी होईलच, मग कशाला उगाच खपली काढायची, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आतून त्यांना समजत होतं, की हे सगळं स्वतःची इभ्रत वाचवण्यासाठी आहे. नात ज्याच्या हातचं मिटक्या मारत खाते तो आजोबा, एवढीच इस्टेट त्यांच्याकडे उरली होती.

शुक्रवारी जेवताना पुन्हा तोच विषय निघाला. मुलाने पुन्हा आवाज चढवला, सुनेने पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं, "मग तूच भर डबा उद्यापासून." अप्पा ताटातले दाणे मोजल्यासारखे खाली बघत बसले. आता बोलावं, आता बोलावं असं म्हणेपर्यंत चिमणीने चमचा खाली ठेवला.

"मी खाल्लं," ती म्हणाली. "शाळेत. बबडीचं बिस्कीट."

आईने हातातला घास ताटात ठेवला.

"एकदाच?" आईने विचारलं.

"खूपदा."

मुलाने खुर्चीला पाठ टेकली. रागावण्याऐवजी त्याने बायकोचा हात धरला आणि तो म्हणाला, "चुकलो मी." सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पांचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचीच पुढच्या क्षणी त्यांना किळस आली. चिमणी खोटं बोलत होती हे त्या टेबलावर दोघांनाच माहीत होतं. एक ती, आणि दुसरे तिला सोडवू शकत असूनही भाताचा घास चावत बसलेले अप्पा.

सोमवारी सून कामावर उशिरा जाऊन शाळेत बाईंना भेटून आली. बबडीच्या आईला फोन झाला. डब्याच्या सुट्टीत चिमणीने बाईंच्या टेबलापाशी एकटीने बसायचं, असं ठरलं.

मंगळवारी अप्पा नेहमीप्रमाणे तिला आणायला शाळेत गेले. एरवी चिमणी आणि बबडी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून फाटकातून बाहेर पडायच्या. आज बबडी आईचं बोट धरून समोरच्या फुटपाथने निघाली होती. चिमणीने हात हलवला. बबडीने आईकडे पाहिलं आणि मान वळवली.

थोडं चालल्यावर अप्पांनी विचारलं, "चिमणे, तू बिस्कीट खाल्लंच नव्हतंस ना?"

"नाही," ती सरळ म्हणाली.

"मग असं का सांगितलंस?"

"सगळे सारखं विचारत होते. आणि बाबा आईला ओरडत होता." तिने दप्तर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "आता कोणी ओरडत नाही. तुम्ही सांगू नका हं, अप्पा."

अप्पांना वाटलं, भर रस्त्यात कुणीतरी आपल्याला थोबाडीत मारावी. सात वर्षांच्या पोरीने घरातलं भांडण आपल्या अंगावर ओढून घेतलं होतं, आणि आपण, हिच्या दहापट वयाचा माणूस, हिच्या पदराआड लपलो होतो. बरं, पदर तरी कुठे होता बिचारीला.

"मी सांगणार आहे," ते म्हणाले.

"तुम्ही प्रॉमिस मोडताय," ती म्हणाली. अप्पांनी प्रॉमिस दिलं नव्हतं, पण त्यांनी वाद घातला नाही.

संध्याकाळी मुलगा आणि सून घरी आल्यावर त्यांनी दोघांना बाहेरच्या पायरीवर बोलावलं. ब्रश कागदातून काढून पायरीवर ठेवला आणि पट्टी दाबून दाखवली. मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बेकरी, खिसा, साचा, खोबरेल. चिमणीने काहीच खाल्लं नाही, हेही सांगितलं.

मुलगा ब्रशकडे बघत राहिला. सून अप्पांकडे बघत होती.

"घाईत होतं असं, म्हणालात तुम्ही त्या दिवशी," ती म्हणाली. "तेव्हा माहीत होतं?"

"नाही गं. तेव्हा नव्हतं माहीत. देवाशप्पथ."

"मग कधी कळलं?"

"बुधवारी."

तिने मनात दिवस जुळवले, ते अप्पांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं. बुधवारनंतर शुक्रवार आला होता.

"म्हणजे ती बोलली तेव्हा तुम्ही समोर बसला होतात."

"हो."

"ब्रशचं मी समजू शकते, अप्पा," ती शांतपणे म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "चूक कुणाचीही होते. पण पोरगी कबुली देत होती आणि तुम्ही जेवत होतात."

सून आत गेली. तिने आधी बबडीच्या आईला फोन लावला आणि माफी मागितली, मग चिमणीला कुशीत घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली. अप्पा पायरीवरच थांबले. त्यांना आत बोलावलं कुणी नाही, आणि हाकललंही नाही.

बेकरी त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोडली. चौकोन करायचं त्यांनी आपणहून थांबवलं. आठवडाभर डब्यात केळं जात होतं. रविवारी सकाळी सून म्हणाली, "करा चौकोन. पण मी समोर असताना." तिचा आवाज ना गोड होता, ना कडू.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. अप्पांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि तिच्यापुढे धरले. तिने नखं बघितली, बोटांच्या बेचक्या बघितल्या, मान हलवली. अप्पांनी बदाम दळले, खजूर वाटला, साच्याला बोटांनीच तेल लावलं. कोपऱ्यांत तेल नीट बसलं नाही, एक कडा चिकटून तुटली. त्यांनी तुटकाच चौकोन बशीत ठेवला आणि चिमणीपुढे सरकवला. ती खुर्चीत पाय हलवत बसली होती. वास घेऊन हसली, चौकोन हातात घेतला, तोंडाजवळ नेला.

आणि थांबली. कुणाच्याही घरी काहीही खाण्याआधी विचारायचं, हे आईने तिला शिकवलं होतं, आणि ती सगळीकडे विचारायची. शेजारी, शाळेत, दुकानात. अप्पांच्या हातचं खाताना मात्र तिने आजवर कधीच विचारलं नव्हतं.

तिने वळून आईकडे पाहिलं. "आई, हे चालेल?"