समासातली पेन्सिल

"सही काय, अंगठाही देते," ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "पण आधी वाचू तरी दे."

प्रबंधवाल्यानं घड्याळाकडे पाहिलं. विद्यापीठाचं कार्यालय पाचला बंद, आणि आजची मुदत हुकली की नोंदणीच रद्द. बावीस वर्षांत त्याचे दोन मार्गदर्शक वारले, तिसऱ्यानं धसका घेऊन परदेश गाठला. प्रबंधाच्या वजनानं घरातल्या टेबलाचा एक पाय जमिनीत रुतला म्हणतात. मी स्वतः फक्त वाकलेला पाहिला.

विषय होता एका आधुनिक इंग्रजी कवीचा आपल्या थोर कवीवरचा प्रभाव. पुरावा एकच. त्या इंग्रजी कवीच्या संग्रहाची वाचनालयातली ही प्रत थोर कवीनं घरी नेली होती. कार्डावर त्याची सही होती. आणि एका ओळीशेजारी, समासात, पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'आपण असंच लिहायचं. आजपासून.' एवढ्यावर प्रबंधवाल्यानं चौदाशे पानं लिहिली. 'इथे एका कवीचा जन्म झाला,' हे त्यातलं पहिलं वाक्य. टिपण थोर कवीचंच, असा बाईंचा दाखला तेवढा राहिला होता.

बाईंनी पान पाहिलं आणि त्या खुदकन हसल्या.

"तो कुठला लिहितोय? दोन दिवसांत परत आणून टाकलं त्यानं. पानं एकमेकांना जोडलेली, छापखान्यातून आली तशीच. न कापता वाचलं असेल तर धन्य आहे."

"मग कापली कोणी?"

"मी. पुढं सात-आठ वर्षांनी कॉलेजातल्या एकानं मागितलं तेव्हा. खिडकीशी बसायचा. पुस्तकात लिहिलं म्हणून कान पिळला होता मी त्याचा." बाईंचं हसू ओसरलं. "तूच की रे तो. विसरलास?"

त्यानं पुस्तक जवळ ओढलं. अक्षर टपोरं होतं, घाई नसलेल्या माणसाचं. त्याचं आताचं अक्षर टिपणं काढून काढून मुंगीएवढं झालं होतं.

"कविता करायचास ना तू?"

"नाही." मग अक्षरावरून बोट फिरवत, "करणार होतो."

बाईंनी शिक्का उचलला. "देऊ ठोकून? कोण येतंय तपासायला?"

"नको. हे घरी नेता येईल?"

"आता संदर्भात टाकलंय, बाहेर जात नाही. इथंच बस."

तो बसला. प्रबंध शेजारच्या खुर्चीत, दोरीनं बांधलेला. पाच वाजले तेव्हा बाईंनी त्याच्या डोक्यावरचा दिवा लावला. त्यानं पान उलटलं. पेन खिशातच राहिलं.