बाबांचं ‘म्हणे’

बाळ झोपलं की ती आपल्या बाबांच्या पुस्तकाची प्रुफं घेऊन बसायची. गावाचा इतिहास लिहिण्यात बाबांचा जन्म गेला, पण ते होते तोवर एक पुस्तक निघालं नाही. ते गेल्यावर पहिलं निघालं, आता दुसरं निघत होतं. भेटेल तो म्हणायचा, “केवढं काम करून ठेवलंय हो!” ती मान डोलवायची. आत काही हलायचं नाही. दात काढताना गाल बधिर करतात, तसं सगळं. हात लावला तर कळतं, पण आपलं वाटत नाही.

त्या दिवशी बेल वाजली, तर दारात लाकडाच्या वखारीचे मालक. बगलेत बाबांचं पहिलं पुस्तक.

“ताई, माझे आजोबा चोर होते का?”

खूण घातलेलं पान त्यांनी उघडून धरलं. ‘पूल पहिल्याच पुरात वाहून गेला. कंत्राटदाराने चुन्यात माती मिसळली होती.’

“लोक असं बोलायचे, हे तुमच्या बाबांना मीच सांगितलं. विश्वासाने. आता माझ्या नातीला वर्गात मातीवाली म्हणतात.”

आईने त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

ते गेल्यावर तिने मूळ हस्तलिखित काढलं. बाबांच्या किरट्या अक्षरात तेच वाक्य होतं, फक्त शेवटी एक शब्द जास्त. ‘माती मिसळली होती, म्हणे.’

बाबांचं असंच असायचं. कागद हाती लागला तर ‘होती’. नुसतं कानावर आलं तर ‘होती, म्हणे’. घरातही तेच. शेजारीण माहेरी गेली, असं आई बोलली की बाबा विचारायचे, “गेली, की गेली म्हणे?”

“आता तिला गाडीत बसवून येऊ का मी?” आई वैतागायची.

तिने प्रुफं पुन्हा चाळली. दुसऱ्या पुस्तकातूनही ‘म्हणे’ झाडून सगळे गेले होते. तिने संपादकांना फोन लावला.

“अहो, पानापानावर म्हणे, म्हणे,” ते म्हणाले. “कट्ट्यावरच्या गप्पा वाटतात. वाक्य कसं ठाम हवं.”

“बाबा ठाम नव्हते. परत घाला.”

“ताई, उद्या छपाईला जातंय.”

“मग उद्या नका पाठवू.”

बाळ उठून रडायला लागलं. तिने त्याला खांद्यावर टाकलं, फोन दुसऱ्या कानाला लावला. “आणि पहिल्या पुस्तकात शुद्धिपत्र घाला.”

“एका शब्दासाठी? लोक हसतील.”

“हसू देत. बाबांना सवय होती.”

 “तुम्ही पण त्यांच्यावरच गेलात,” असं काहीसं पुटपुटून त्यांनी फोन ठेवला. हे ऐकून रडू यायला हवं होतं, असं तिला वाटलं. आलं नाही. तिने बाळाचा लंगोट बदलला.

शुद्धिपत्र छापून आलं, तशी ती बाळाला कडेवर घेऊन वखारीत गेली. करवत चालू होती. मालकांनी हातानेच थांबवायची खूण केली, भुसा झटकून शुद्धिपत्राची चिठ्ठी घेतली आणि दोनदा वाचली.

“म्हणजे आजोबांनी माती घातली नव्हती?”

नाही म्हणणं फार सोपं होतं. माणूस आशेने बघत होता.

“ते बाबांना माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मलाही नाही.”

त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “एवढंच?”

“एवढंच.”

“बाबा असते तर मी त्यांच्याशी चांगला भांडलो असतो.”

“भांडा ना. मी आहे.”

ते हसले नाहीत. पण खुर्चीवरचा भुसा त्यांनी रुमालाने पुसला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली. बाळ करवतीकडे टक लावून बघत राहिलं, आणि मालक आजोबांविषयी पहिल्यापासून सांगू लागले.