आठवी गाठ

पंधरा मीटर

त्या दिवशी पाणी इतकं नितळ होतं. धाकटा भाऊ विल्फ्रीद बोर्डवर, लाटेवर, मी सँ-ल्यूच्या धक्क्यावर त्याचा टॉवेल धरून. तरी शार्क कुठून आला ते कुणाला दिसलं नाही. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला.

काहीच नाही

मग आमच्या रेयुनियों बेटाच्या समुद्राला कुलूप लागलं, लाटांवर जायला बंदी. सात वर्षं विल्फ्रीद धक्क्यावर बसतोय. घास हातात, डोळे लाटांवर. "ही मी घेतली असती," म्हणतो. "ही सोडली असती."

"आधी भात घे," आई म्हणते.

आठ मीटर

कुलूप थोडं उघडलं, तेव्हाचा हा नियम. लाटांवर जाणाऱ्यांच्या खाली आम्ही सहा जण मास्क लावून पहारा देतो. त्याआधी पाणी मोजायचं. तरंगत्या बोयाला पांढरी थाळी आणि दोरी बांधलेली, दर मीटरला गाठ. पाण्याखालून दोरी धरून लांब जायचं. आठव्या गाठीवरून थाळी दिसली तर हिरवा झेंडा. नाही दिसली तर सगळे घरी.

मोजते मी. सांगते मी.

लाटेचं पोट मी रोज बघते. पाठ विल्फ्रीदलाच माहीत.

शनिवार

विल्फ्रीद बोर्ड घेऊन आला. पोटावर पडून जाणार होता. बोर्डाला मेण लावून लावून त्याचे हात चिकट झाले होते.

"आई कुठे गेली होती सकाळी?" मी विचारलं.

"रस्त्याकडेच्या संत एक्सपेदीकडे. मेणबत्ती लावायला. मीसुद्धा काल जाऊन आलो. म्हटलं, पाणी नितळ कर, लाल कापड देतो."

"आणि नाही केलं तर?"

"तर मूर्तीचं मुंडकं उडवतो. फुकट्या संताचं डोकं कोण ठेवतं इथे?"

"त्याला तरी बरा धाक आहे तुझा."

"तुला नाही ना, म्हणून तर त्याच्याकडे जावं लागतं, ताई."

मी हसले आणि पाण्यात उतरले.

पाच. सहा. सात. थाळी दिसत होती. आठव्या गाठीवर थांबले. दिवसाच्या चंद्रासारखी फिकट, पण होती. तिच्यामागे नुसतं हिरवं. दम संपेपर्यंत मी त्या हिरव्याकडे बघत राहिले.

वर आले.

"किती, ताई?"

"सात."

"नीट बघितलंस?"

"सातच, विल्फ्रीद."

तो बोर्डावरचं मेण नखाने खरवडायला लागला. "एक मीटर," म्हणाला. "माझ्या चांगल्या पायाएवढं."

शून्य

त्याने खरंच कुबडीने संताचं मुंडकं उडवलं. प्लास्टरचं, सुपारीएवढं. रस्त्यावर घरंगळत गेलं. मी उचलून मास्कच्या पिशवीत टाकलं.

आईने कपाळाला हात लावला. "अरे, त्याला कशाला? मी काही मागितलंसुद्धा नव्हतं. तू जावंस म्हणून मागू की जाऊ नयेस म्हणून, तेच ठरेना. नुसती मेणबत्ती लावून आले."

संध्याकाळी आम्ही धक्क्यावर बसलो. लाटा डावीकडे वळत, एकामागून एक, रिकाम्या येत होत्या.

"ही मी घेतली असती."

"वरून कशी लागते रे?"

त्याने तळहात आडवा धरून लाटेसारखा डावीकडे वळवला. मग म्हणाला, "उद्या परत मोज. दाखवतो."

मांडीवरच्या पिशवीत संताचं डोकं होतं. बिचाऱ्याने आठ दिले होते.